धरावे की मारावे

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके एकमेकांजवळ आणायची, उरलेली दोन बोटे तळहाताकडे सैलसर मिटायची आणि मनगट असे वाकवायचे की हाताची पाठ आभाळाकडे व बोटांची टोके जमिनीकडे राहतील. प्रार्थना कीटकाच्या पुढच्या पायासारखा दिसणारा हा हात चीनच्या उत्तरेकडच्या तोंगलोंग कुंग फूची ओळखच होऊन बसला आहे. मँडरिनमध्ये ‘थांगलांग’, कँटोनीजमध्ये ‘तोंगलोंग’, आणि माझ्या आजीच्या भाषेत खंडोबाचा किडा. दोडक्याच्या वेलावर तो दिसला की ती आम्हाला त्याला हात लावू देत नसे. हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर मी हा हात पहिल्यांदा केला, तेव्हा मला आजी आठवली, आणि लगोलग असाही ग्रह झाला की ही चोच आहे, समोरच्याच्या डोळ्यावर नाहीतर गळ्यावर टोचायची. हा ग्रह जवळजवळ दोन वर्षे टिकला, कारण तो कोणी विचारलाच नाही आणि मीही कोणाला सांगितला नाही.

ही शैली मुळात हाँगकाँगची नव्हे. ती शानतुंग प्रांताची, त्यातही यानताई आणि लाययांग या भागांतली. वांग लांग नावाच्या एका माणसाने सिकाडाला, म्हणजे झाडावर किर्रर्र आवाज करणाऱ्या किड्याला, पकडणारा प्रार्थना कीटक पाहिला, त्याला गवताच्या काडीने डिवचून त्याचे हात कसे चालतात ते न्याहाळले आणि त्या हातांना माकडाची पावले जोडली, अशी तिची जन्मकथा सांगतात. हा वांग लांग कोणी सोंग राजवटीतला मानतात तर कोणी मिंग राजवटीच्या अखेरचा, आणि या दोन मतांमध्ये निदान साडेतीनशे वर्षांचे अंतर पडत असल्यामुळे मी ती कथा श्रावणातल्या कहाणीसारखी मनोभावे ऐकते आणि पुढे जाते. पक्की माहिती त्यामानाने अलीकडची आहे. यानताईच्या फान शुतुंग यांच्याकडे शिकलेले ल्वो क्वांगयू 1919 साली शांघायच्या जिंगवू संस्थेत शिकवायला गेले. ही संस्था 1910 मध्ये निघालेली, आणि घराण्याच्या उंबरठ्याआड राहणारी विद्या खुल्या वर्गात आणणाऱ्या पहिल्या मोठ्या संस्थांपैकी एक. पुढे ल्वो यांनी हाँगकाँगमध्येही शिकवले, आणि त्यांचे तिथले शिष्य वाँग हॉन फन यांनी एकेका मालिकेची छायाचित्रांसह पुस्तके काढली. सप्ततारा म्हणून ओळखली जाणारी ही शाखा अशी दक्षिणेत रुजली. दक्षिणेतल्या हक्का लोकांची ‘दक्षिणी तोंगलोंग’ नावाची वेगळीच एक शैली आहे, तिचा हिच्याशी नावापलीकडे संबंध नाही. पण हाँगकाँगमध्ये मी काय शिकते हे सांगताना दर वेळी हा खुलासा करावा लागे.

जागेचा तुटवडा असलेल्या त्या शहरात कुंग फू गच्च्यांवरच वाढले. आमच्याही गच्चीवर टीव्हीच्या जुन्या अँटेना होत्या, कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे होते, आणि एका कोपऱ्यात काँक्रीटची पाण्याची टाकी होती. आमचे गुरू, त्यांना सिफू म्हणतात, सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी पहिले वर्षभर आम्हाला ‘बंग बो’ ही एकच मालिका करायला लावली. मालिका म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी एकट्याने करायच्या हालचालींची ठरलेली साखळी. तिच्यातल्या एकेका मुद्रेला नाव असते, आणि ती नावे मुद्दामच काही सांगत नाहीत. ‘तोंगलोंग बो सिम’, म्हणजे प्रार्थना कीटक सिकाडा पकडतो, हे नाव ऐकून डोळ्यांपुढे चित्र उभे राहते; पण कोणाचा कोणता हात कुठे धरायचा, याचा त्यात पत्ता नसतो. ते काम ‘चाक’चे. चाक म्हणजे उकलणे, सुटे करणे, पाडून टाकणे. चीनमध्ये पाडायला काढलेल्या इमारतींच्या भिंतींवर जे अक्षर लाल रंगात रंगवतात, तेच हे अक्षर. मालिकेतल्या हालचाली सुट्या करून प्रत्येकीचा अर्थ जोडीदारावर लावून बघायचा, याला तो शब्द वापरतात. आमच्याकडे मात्र वर्षभर कोणी काही उकलले नाही, त्यामुळे आम्ही सगळे आपापल्या मनात उकलत बसलो होतो.

मराठी माणसाला अर्थ लावण्यातला धोका समजावून सांगावा लागू नये. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यामागची जी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती एका अक्षराची आहे: गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले. ही गोष्ट इतिहास म्हणून कितपत टिकते हा भाग निराळा. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मात्र टिकला. मला तो गच्चीवर वारंवार आठवत असे, कारण आम्ही सगळे बंग बोच्या बाबतीत नेमके हेच करत होतो. शिवाय मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे असते, आणि मालिकाही अगदी तशीच लिहिलेली असते. मुद्रांची नावे म्हणजे नंतर कोणीतरी टाकलेले विरामाचे दंड. अर्थ पुष्कळदा एका मुद्रेच्या शेवटी सुरू होतो आणि दुसरीच्या मध्यावर पुरा होतो. नावागणिक थांबून अर्थ लावणाऱ्याच्या हाती अर्धे अर्धे शब्द लागतात.

माझ्या चोचीचा निकाल एका पावसाळी संध्याकाळी लागला. गच्ची ओली असल्यामुळे आम्ही जिन्याच्या तोंडाशी दाटीने उभे होतो, आणि सिफूंनी एरवी वर्गात कधी न काढलेला विषय काढला. या शैलीची बारा अक्षरे आहेत, ती त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. पहिले अक्षर हुकासारखे अडकवण्याचे, दुसरे ओढून कवेत घेण्याचे. तिसरे खुडण्याचे, आणि चहाची पाने खुडण्यासाठीही चिनीत तेच अक्षर वापरतात. चौथे वर टांगण्याचे, पाचवे मनगट वाकवून झडप घालून पकडण्याचे, सहावे आत शिरण्याचे. सातवे स्फोटासारखे फुटण्याचे, आठवे मारण्याचे. उरलेली चार अक्षरे, जिम, निम, तिप आणि काऊ, ही सगळी चिकटण्याची: आधी स्पर्श, मग चिकट धरणे, मग अंगालगत जाणे, शेवटी अंगाचा भार टाकणे. मोजून झाल्यावर त्यांनी विचारले, यात मारण्याची अक्षरे किती? कोणी पाच म्हणाले, कोणी सहा. मी मनात पुन्हा मोजले, आणि दोनच निघाली. बारापैकी दोन. बाकी सगळी शैली धरण्याची, ओढण्याची आणि चिकटण्याची होती, आणि आम्ही दोन वर्षे प्रत्येक वाकलेल्या मनगटात ठोसा शोधत होतो.

किड्याकडे नीट पाहिले असते तरी हे कळले असते. प्रार्थना कीटक भक्ष्याला फटका मारत नाही. त्याच्या पुढच्या पायांवर काटे असतात, त्या पायांचे दोन भाग चाकूच्या मुठीत पाते मिटावे तसे मिटतात आणि भक्ष्य त्यांच्यात अडकते. पुढचे काम तोंडाचे. तो ठोसे लगावत नाही, चोच तर त्याला नाहीच.

आता तो वाकलेला हात प्रत्यक्षात कुठे येतो ते सांगते, कारण ‘अडकवणे, ओढणे, खुडणे’ ही तीन अक्षरे बंग बोमध्ये एका दमात येतात आणि ती शब्दांत पकडणे शक्य आहे. माझे थोरले गुरुबंधू, त्यांना सिहिंग म्हणतात, उजव्या हाताने सरळ ठोसा आणतात. मी त्यांच्या उजव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला सरकते आणि माझा डावा हात त्यांच्या मनगटाजवळ बाहेरून लागतो. तो काही अडवत नाही, नुसता लागतो आणि मनगट वाकवून अडकतो. त्याच क्षणी माझा उजवा हात खालून येऊन तेच मनगट धरतो, आणि मोकळा झालेला डावा हात वर सरकून त्यांच्या कोपराच्या वरच्या भागावर पडतो आणि खाली खुडतो. हे खुडणे म्हणजे पालेभाजीचे देठ खुडण्यासारखे, एका हिसक्याचे. सावकाश ओढले तर समोरचा माणूस आपलाच तोल सावरून घेतो. त्या हिसक्याने सिहिंगचे डोके पुढे येते, आणि उजवा हात मनगट सोडून तिथे पोचतो. या सगळ्यात ठोसा एकच, अगदी शेवटी, आणि त्याच्या आधी हातांची तीनदा अदलाबदल. छायाचित्रात दिसणारा तो प्रसिद्ध वाकलेला हात या साखळीत डोळ्याच्या पापणीइतका वेळ असतो. छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण धरला, कारण बाकीचे क्षण धूसर येतात. आणि पुस्तकावरून शिकणाऱ्यांनी त्या क्षणाला आसन समजून त्यात मुक्काम ठोकला. वाकलेल्या मनगटाच्या पाठीने फटका मारता येत नाही असे नाही. येतो, आणि जबड्यावर बसला तर चांगला लागतोही. पण तो त्या अक्षराचा लक्ष्यार्थ आहे, आणि आम्ही वाच्यार्थाला हात न लावता लक्ष्यार्थावर उतरलो होतो.

‘प्रार्थना कीटक सिकाडा पकडतो’ ही मुद्रा याहून अवघड निघाली. दोन्ही हात पुढे, एक लांब आणि दुसरा त्याच्या कोपराजवळ, वजन मागच्या पायावर, आणि पुढच्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली व चवडा वर उचललेला. या शेवटच्या ठेवणीला सप्ततारा ठाण म्हणतात. गच्चीवर या मुद्रेचे तीन अर्थ चलनात होते. एक गट म्हणे, हा नुसता पवित्रा आहे, दोन हात पुढे धरून वाट पाहण्याचा. दुसरा गट म्हणे, हा कोपर मोडण्याचा सांध्याचा डाव आहे: लांबच्या हातात मनगट, जवळच्या हाताखाली कोपर. तिसऱ्या गटाला काहीच म्हणायचे नव्हते, त्यांना ती मुद्रा सुंदर दिसे आणि तेवढे त्यांना पुरे होते. मी दुसऱ्या गटात होते, आणि माझ्या अर्थावर माझे भलतेच प्रेम होते.

त्या वर्षी दिवाळीला मी कोल्हापूरला मामाकडे गेले. मामा तरुणपणी तालमीत घुमलेला, पुढे गुडघ्याने दगा दिल्यावर नोकरीला लागलेला. जेवणानंतर भाच्यांच्या आग्रहावरून मी सोप्यात ती मुद्रा करून दाखवली आणि कोपर मोडण्याची उपपत्ती सविस्तर सांगायला घेतली. मामा माझ्या हातांकडे बघतच नव्हता.

“हात ऱ्हाऊ दे गं,” तो म्हणाला. “पाय का उचललाईस, ते सांग आधी.”

मी म्हटले, तसेच ठाण आहे.

“ठाण आसंल. पर चवडा वर करून कोण हुबा ऱ्हातंय? ढकलला की पडलास. काहीतरी अडवाया उचलला आसंल.” मग तो उठला, त्याने माझे मनगट आणि कोपर धरले, अगदी माझ्याच अर्थाप्रमाणे, आणि खाली ओढता ओढता आपला चवडा माझ्या घोट्यासमोर टाच टेकवून उभा केला, दाराला पाचर लावावी तसा. हात ओढला गेल्यावर माणूस पाऊल पुढे टाकून सावरतो. माझे पाऊल निघालेच नाही. मी सरळ त्याच्या खांद्यावर गेले, आणि त्याने मला पडू दिले नाही एवढेच. “टांग हाय ही,” मामा परत बसत म्हणाला. “जरा येगळी हाय, पर टांगच.”

त्याला चिनी मुळीच येत नाही, आणि बंग बो हे नाव त्याने त्या दिवशी प्रथम ऐकले. पण कुस्तीगीर डाव पायापासून वाचतो, कारण मातीत हात वाटेल ते सोंग करतात आणि पाय मात्र वजन जिथे असेल तिथेच असतात. मी परत गेल्यावर हे सिफूंना दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि माझी टाच दोन बोटे आत सरकवली. तेव्हापासून माझा एक नियम झाला आहे: मुद्रेचा अर्थ लावताना आधी कमरेच्या वरचा भाग झाकायचा. चवडा का वर आहे, टाच का फिरली, वजन आधी कुठे होते आणि नंतर कुठे गेले, याचे उत्तर ज्या अर्थात नाही तो अर्थ कितीही चमकदार असला तरी बाद. या चाळणीतून माझे निम्मे आवडते अर्थ खाली पडले. कोपर मोडण्याचा डावही सुटा म्हणून पडला, ओढण्याचा एक भाग म्हणून राहिला.

अर्थात पायांवरही आंधळा विश्वास टाकता येत नाही, आणि हे मला त्या पाण्याच्या टाकीने शिकवले. आमच्या बंग बोमध्ये एका ठिकाणी वळण्याआधी एक आखूड पाऊल होते, पुरते पाऊलही नाही, अर्धेच. माझ्या नियमावर मी तेव्हा खूश होते. त्या अर्ध्या पावलावर मी महिनाभर विचार केला आणि त्यातून एक अर्थ काढला: समोरच्याच्या दोन पायांमध्ये पाऊल घालून नितंबावरून फेकायचे, आणि पुढचे वळण म्हणजे तीच फेक. सिहिंगवर तो डाव बसलादेखील. मी सिफूंना विचारले, ते अर्धे पाऊल फेकीचेच ना? त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते हसले आणि त्यांनी टाकीकडे बोट दाखवले. जागा संपते म्हणून त्यांनीच कधीतरी तिथे पाऊल आखूड केले होते. मोकळ्या मैदानात ते पूर्ण टाकायचे. मालिकेतल्या वळणांना ‘मागून आलेला दुसरा शत्रू’ म्हणून खपवणारे पुष्कळ भेटतात. काही वळणे खरोखरच फेकीची असतात, आणि काही केवळ भिंत आली म्हणून असतात. माझा तो अर्थ चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही, कारण डाव चालत होता. पण तो मालिकेत नव्हता, मी घालून काढला होता, आणि एवढा फरक लक्षात ठेवण्याइतका प्रामाणिकपणा अर्थ लावणाऱ्याने बाळगावा असे मला वाटते.

चालतो की नाही हे बघण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण तिथे फसवणूक सर्वांत जास्त होते. चाकचा जोडीदार हात पुढे करतो आणि तो तिथेच ठेवून देतो. ठेवून दिलेल्या हातावर बारापैकी बाराही अक्षरे चालतात. आमच्या शाखेत बंग बो दोघांनी करायची एक जोडमालिकाही आहे, ती अर्थ समजायला फार उपयोगी. पण तिच्यातही दोघांना पुढचे माहीत असते, म्हणजे ते नाटकच, फक्त चांगले बसवलेले. सिहिंगनी एकदा ठोसा मारून हात झटकन मागे घ्यायला सुरुवात केली, मुष्टियोद्धा घेतो तसा, आणि माझ्या हुकाला हवा लागली. मी बारीक चणीची, माझी पकड लहान. हवेतला ठोसा धरणे मला तरी दहात एकदाही जमले नाही. ग्लोव्ह घातल्यावर तर धरण्याचा प्रश्नच मिटतो. आठवडाभर मी नाउमेद होते.

मग ती शेवटची चार अक्षरे आठवली. स्पर्श, चिकटणे, लगत जाणे, भार टाकणे. हवेतला हात धरायला ही शैली सांगतच नव्हती. ती सांगत होती, आधी हाताला हात लागू दे. सिहिंगनी माझी बाही धरली, खांदा दाबला किंवा माझा ठोसा अडवून त्यांचा हात क्षणभर माझ्या हातावर टेकला की तिथून पुढे हूक लागत होता, कारण तो हात आता कुठे जाणार हे मला त्वचेतून कळत होते, डोळ्यांनी शोधावे लागत नव्हते. ज्या काळात आणि ज्या गावांत ही शैली वाढली तिथल्या झटापटीत लांब बाह्यांचे अंगरखे होते, धराधरी होती, हातात काठी असण्याची शक्यता होती. अशा अंगलट झटापटीत मनगट सापडणे हे आजच्या रिंगणापेक्षा खूप स्वाभाविक असणार. हे कळल्यावर मी बंग बो सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतली, आणि दर मुद्रेच्या आधी एकच प्रश्न ठेवला: या क्षणी आम्ही एकमेकांना कुठे लागलेलो आहोत? ज्या मुद्रेला याचे उत्तर देता येईना, तिच्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातले आणि सोडून दिले. अशा अकरा मुद्रा उरल्या. आता सात आहेत.

मला भारतात परतून पाच वर्षे झाली. ती इमारत पाडली गेली आहे, म्हणजे तिचे चाक झाले, आणि सिफू आता मुलाकडे राहतात. मी पुण्यात सकाळी आमच्या सोसायटीच्या मोकळ्या वाहनतळावर बंग बो करते, आणि मामाची नात हल्ली माझ्याकडे शिकायला येते. जागा भरपूर आहे, तरी वळणाआधी माझे पाऊल आपोआप आखूड पडते, आणि ती माझे पाहून तसेच टाकते. परवा तिने विचारले, “आत्या, इथे पाऊल अर्धंच का गं?”

“तिथे टाकी आहे,” मी म्हटले.

तिने मागे वळून पाहिले.